डागी आधी

रत्नागिरीची, त्यातून घरची हापूसची बाग, असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा असूयेने बघतात. त्यांना वाटतं, हिने जन्मभर हापूस खाल्ला. खाल्ला, खोटं कशाला बोलू? पण तो डागी.

डागी म्हणजे पेंढ्याच्या आढीत पिकता पिकता ज्याच्या सालीवर काळा ठिपका पडलाय, तो आंबा. माझे वडील कचेरीतली कारकुनी सांभाळून आजोबांनी लावलेली कलमं राखायचे. हंगामात रोज सकाळी, चहाच्याही आधी, ते आढीपाशी उकिडवे बसत, पेंढा बाजूला करत आणि एकेक आंबा हातात घेऊन फिरवून बघत. ठिपका दिसला की तो घरात. धड असला की परत पेंढ्यात, पेटीसाठी किंवा आल्यागेल्यासाठी. आम्ही एखाद्या देखण्या फळाकडे हात नेला की म्हणत, "अगो, तो राहू दे. तो टिकणारा आहे. हा घे, हा आज संपायला हवा."

यात वावगं काहीच नव्हतं. अडचण एवढीच, की आज टिकणाऱ्या आंब्याला उद्या ठिपका पडायचा. मग त्याचीही पाळी यायची आणि तोवर दुसरे टिकणारे तयार असायचे. असा अख्खा हंगाम आम्ही सडण्याच्या मागोमाग धावत खायचो. आई सुरीने काळा भाग उडवायची. त्यामुळे आमच्या घरात आंब्याच्या फोडीला ठरलेला आकार असा नव्हताच. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला मात्र बाबा चांगला आंबा कापून देत. तो खात असताना मी आणि भाऊ हातातला बाठा चोखत त्याच्याकडे टक लावून बघत असू.

लग्न होऊन मी देवरूखला गेले. पहिल्याच उन्हाळ्यात माहेरहून पेटी आली, सासूबाईंनी वरचाच आंबा कापला आणि मी पहिली फोड तोंडात टाकली. हापूस असा लागतो, हे मला वयाच्या त्या टप्प्यावर, दुसऱ्याच्या घरी कळलं. मी धावत जाऊन बाबांना फोन लावला.

"बाबा, आंबा काय सुरेख आहे!"

"असणारच," ते म्हणाले. "पेटीतला आहे तो."

हसू आलं आणि रागही आला. मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मनातून जाईना. या माणसाने आयुष्यभर आंबे पिकवले आणि एकदाही धड आंबा खाल्ला नाही. त्यांनी तो एकदा तरी खावा, असं मी मनावर घेतलं. दुसऱ्या कुणाच्या वडिलांसाठी हे सोपं असेल.

पुढच्या खेपेला त्यांच्याच पेटीतला एक आंबा मी पिशवीत घालून परत रत्नागिरीला नेला. त्यांनी तो फिरवून पाहिला, देठाशी वास घेतला आणि "ह्याला अजून अवकाश आहे" म्हणत आढीत ठेवून दिला. माझ्या मुक्कामातच त्याला ठिपका पडला. मग त्यांनी तो आनंदाने खाल्ला, वर मलाच म्हणाले, "बघ, किती गोड आहे."

पुढे काही वर्षांनी माझी मुलगी या कामाला लागली. ती आजोबांची फार लाडकी, तिचं ते ऐकतील अशी माझी समजूत. त्यांच्या वाढदिवसाला तिने गुपचूप चांगला आंबा कापला आणि वाटी त्यांच्यापुढे ठेवली. बाबांनी एक फोड उचलली, चारी बाजूंनी निरखली. कुठेही काही उडवलेलं नव्हतं. चोरी तिथेच पकडली गेली. मग त्यांनी नातीला शेजारी बसवून एकेक फोड तिलाच भरवली. ती निर्लज्जपणे सगळी वाटी खाऊन मोकळी झाली आणि आजोबा तिच्याकडे बघत राहिले. ते तसे बघत असताना मला त्यांच्यावर रागावताही येईना. इतकं समाधान मी स्वतः आंबा खातानाही कधी अनुभवलेलं नाही.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले, तेही ऐन हंगामात. आढी त्यांच्याच खोलीत, कॉटखाली होती. उठवत नव्हतं, तरी पडल्या पडल्या नुसत्या वासावरून सांगत, "भिंतीकडच्या बाजूला एक गेलाय बघ." आई वाकून बघायची आणि तो निघायचा. शेवटी जेवण तुटलं, तेव्हा मी चांगल्या आंब्याचा रस चमच्याने द्यायला गेले. त्यांनी ओठ मिटून घेतले. डॉक्टर म्हणाले, गिळवत नसेल. मला खात्री नाही.

ते गेले त्या दिवशीही आढी भरलेली होती.

दहाव्याला आम्ही खाडीकाठी जमलो. हल्ली आमच्याकडे बायकाही जातात. पिंडाच्या पानावर त्यांच्या आवडीचं म्हणून मी आढीतला सर्वांत देखणा आंबा ठेवायला लावला. आता तरी, म्हटलं. आता नाही कसं म्हणतील? माडावर कावळे भरपूर होते. त्यांनी पिंडाकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं आणि जागचे हलले नाहीत.

मुंबईहून आलेला भाऊ हात जोडून पुढे झाला. बाग विकणार नाही म्हणाला. आईला अंतर देणार नाही म्हणाला. कावळ्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऊन चढायला लागलं, गुरुजी दर्भाचा कावळा करावा असं सुचवू लागले. मला तिथेच बसून रडावंसं वाटलं. बाबांचं काय राहिलंय, तेच कळत नव्हतं.

तेवढ्यात माझी मुलगी म्हणाली, "मामा, आजोबा तो घेणार नाहीत. तो टिकणारा आहे."

ती गाडीकडे गेली. गाडीत डागी आंब्यांची पिशवी होती. परतायला उशीर होईल आणि तोवर ते फुकट जातील म्हणून आईनेच ती सोबत दिलेली. सुतकात आंबा चालतो की नाही यावर घरात वाद झाला होता. डागी चालतो, असा निकाल आईने दिला होता. मुलीने त्यातला एक आणला, काळा भाग उडवला, पानावरचा देखणा आंबा बाजूला केला आणि हा ठेवला. आम्ही मागे सरतोय न सरतोय तोच कावळा उतरला.

"डागीला वास जास्त येतो, म्हणून," भाऊ डोळे पुसत म्हणाला. असेल. तो विज्ञान शिकलेला आहे.

घरी आलो तर आई ओटीवर उभी होती. "शिवला?" तिने विचारलं. मी झालेलं सगळं सांगितलं. ती तशीच आत गेली, रिकाम्या कॉटशी वाकली आणि पेंढ्यात हात घालून बराच वेळ चाचपत राहिली. मग उठून एक आंबा माझ्या हातावर ठेवला. मी फिरवून पाहिलं. ठिपका होता.

"खा," ती म्हणाली. "उद्या राहायचा नाही."