मॅटॅडोरवरचा अँटेना

आमच्या मोठ्या मेहुण्यांइतका मन लावून निराश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेण्याआधीच ते बुंदी संपणार असं जाहीर करत. नांदेडला आमच्याकडे आले की परतीची गाडी चुकणार म्हणून दारातच हळहळत उभे राहत, चपला काढायचं राहूनच जाई.

भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं माळवदाचं घर खचलं. माणसं वाचली, पण वहिनींनी त्यानंतर घरात झोपणंच सोडलं. त्यात मुलगी बारावीच्या क्लासला लातूरला, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. आई जवळ नसेल तर परत येते म्हणून पोरगी रडायची, आणि स्लॅबखाली पाऊल टाकणार नाही म्हणून आई हटून बसलेली. वहिनींना पोरीजवळ लातूरला राहता यावं म्हणून मेहुण्यांनी मग एक जुनी मॅटॅडोर घेतली आणि आत बाज, स्टोव्ह, बॅटरीवरचा छोटा टीव्ही मांडला. गाडीचा पत्रा अंगावर पडला तरी माणूस जगतो, हा त्यांचा हिशेब. मात्र टीव्ही दिसला नाही तर वहिनी आठ दिवसांत गावाकडे पळतील आणि पोरीचं वर्ष बुडेल, याची त्यांना खात्रीच होती. सगळं अँटेनावर येऊन ठेपलं, आणि तो निवडायला मला बोलावणं आलं.

गाडीसाठी अँटेना हवा म्हटल्यावर दुकानदार आधी हसला, मग वैतागला. गोल अँटेना कुठल्याही दिशेने सारखाच वाईट. लांब काड्यांचा चांगला, पण गाडी वळली की त्याचं तोंड फिरे. मेहुणे एकेक घेऊन टपावर चढत आणि मी खालून ‘आलं, गेलं’ ओरडत राही. रिक्षावाले थांबून सल्ले देत. "दाजी, हे बी गेलं," असं मेहुणे इतक्या समाधानाने म्हणत की दुकानदारालाच वाईट वाटे. शेवटी लांब काड्यांचा घेतला. चित्र स्वच्छ आलं, पण ते एका क्लासच्या फाटकासमोर, तेही गाडी आडवी लावली तर. पोरांच्या सायकली अडल्या, शिपाई धावून आला. गाडी मुलीच्या खोलीखाली आणली तर पडद्यावर नुसत्या मुंग्या.

संध्याकाळपर्यंत मेहुणे टपावर पाइप फिरवत होते. त्या दिवशी मला त्यांची खरोखर कीव आली. वहिनी मागच्या दारात पाय सोडून बसल्या होत्या. टीव्हीकडे त्यांची पाठ होती.

"उतरा आता," त्या म्हणाल्या. "मला टीव्ही कशाला पाहिजे? हितून तिचा स्लॅब दिसतोय. हालला तर हाक मारता येती."

मेहुणे उतरले आणि त्यांच्या शेजारी बसून वर बघू लागले. मी निघालो तेव्हा चहा घेऊन जा म्हणायचंही दोघांना सुचलं नाही. पुढे परीक्षा होईपर्यंत त्या गाडीत एक जण झोपायचं आणि एक जण वर बघत जागायचं.