सूर्य रजेवर

मला बघायला आले तेव्हा मामांनी माझं नाव विचारायच्या आधी आमच्या विट्याच्या घरातला पंखा बंद केला. पाहुणे एका बाजूला बसलेले, दुसऱ्या बाजूचा पंखा नुसताच फिरत होता. मामा उठले, चार जणांच्या डोक्यावरून हात घालून बटण दाबलं आणि म्हणाले, "पंखा माणसाला असतो, भिंतीला न्हाई." माझे वडील गलाईवाले, उभा जन्म परमुलखात सोन्याच्या भट्टीपुढं भाजलेले. ते एकदम खूश. "किती शिस्तीचा माणूस," म्हणत त्यांनी तिथंच होकार दिला. माझी शिस्त तेव्हापासून सुरू झाली.

मामा म्हणजे माझे सासरे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. घर इस्लामपूरजवळ, चारी बाजूंनी ऊस. खोटं कशाला बोलू, त्यांचं पुष्कळसं खरंच होतं. गाव पाचट पेटवायचं तेव्हा मामा ते सरीत कुजवायचे. विहिरीवर सौर पंप, गच्चीवर पाणी तापवायची सोलरची टाकी. शाळेत झेंडावंदनाचं भाषण त्यांचंच. लोक घर बघायला यायचे आणि जाताना सासूबाईंना म्हणायचे, नशीबवान आहात.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना संधिवात. पावसाळा लागला की बोटं आखडायची, सकाळी कपाचा कान धरता यायचा नाही. कढत पाण्यात हात बुडवून बसलं की तेवढ्यापुरती सुटायची. पण ढगाळ हवेत टाकीतलं पाणी गारढोण. "सूर्य रजेवर हाय," मामा म्हणायचे. "हजर झाला की पाणी." धूर होतो म्हणून तांब्याचा बंब त्यांनी केव्हाच मोडीत घातलेला. गॅस फक्त स्वयंपाकाला. माझा नवराही फौजेत. एका सुट्टीत तो आईसाठी गीझर घेऊन आला, तर मामांनी खोकं न उघडता दुकानात परत धाडलं. "लेहला बर्फ फोडून आंगूळ केलीय आमी. हिचीच बोटं लय नाजूक व्हय?" स्वतःही ते बारा महिने गार पाण्यानंच अंघोळ करत, त्यामुळं कुणाला बोलायची सोयच नव्हती.

एकदा ते शेतावर गेलेले बघून मी गॅसवर पातेलं चढवलं. आत्याबाईंनी घमेल्यात हात घातले आणि डोळे मिटले. तेवढ्यात मामा दारात. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नसत. घमेलं उचललं, अंगणात नेऊन ओतलं आणि रिकामं आणून त्यांच्यापुढं ठेवलं. "एका बाईच्या हातासाठी एवढा गॅस. समद्या गावानं असंच केलं तर?" अंगणातून वाफ निघत होती. आत्याबाई ओल्या हातांनी तशाच बसून राहिल्या. मला इतका संताप आला की संध्याकाळी मी घरातले सगळे दिवे लावले. मामा माझ्या मागोमाग एकेक बंद करत आले, शांतपणे.

गेल्या श्रावणात ते गेले. पावसाची झड लागलेली, नवरा सुट्टीवर घरीच. मामा जेवून उठले, माश्यांसाठी लावलेला पंखा बंद केला, पलंगावर बसले आणि कलंडले. गाव जमलं. भावकीतल्या थोरल्या चुलत्यांनी अंगणातून हाक दिली, "सूनबाई, आंगुळीला गरम पाणी काढा."

मी पातेलं उचललं. उंबऱ्याशी बसलेल्या आत्याबाईंनी त्या आखडलेल्या बोटांनी माझं मनगट धरलं.

"सूर्य रजेवर हाय," त्या म्हणाल्या. "टाकीतलंच न्या."

"आई, अगं आज तरी," नवरा म्हणाला.

"त्यांचा नेम हाय. आज मोडायचा न्हाई."

शेजारच्या काकूंनी डोळ्याला पदर लावला. "अशी बायको मिळायला भाग्य लागतं," त्या म्हणाल्या. मग गारढोण पाण्यानं मामांची शेवटची अंघोळ झाली.

माणसं त्यांना घेऊन गेली, घर रिकामं झालं. आत्याबाई आत आल्या. "आता मोठं पातेलं ठेव गं. कढत." पाणी तापलं तसे त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत घमेल्यात घातले आणि बराच वेळ बाहेर काढले नाहीत.

"त्यो पलंगावरचा पंखा लाव," त्या म्हणाल्या.

"तिथं कुणी नाही, आत्याबाई."

"असू दे. लाव."