‘येते’चं भाषांतर

आमच्या शाळेच्या ग्रंथपालबाईंना मुलं कुलूपबाई म्हणत, आणि नाव अगदी चपखल होतं. तेवीस वर्षांत वाचनालयातलं एकही पुस्तक फाटलं नाही, कारण एकही पुस्तक कोणी उघडलंच नाही. दर शनिवारी बाई कपाटं उघडायच्या, पुस्तकं पुसायच्या आणि पुन्हा आत टाकायच्या. पुस्तकं वाचायला दिली की खराब होतात, असं त्यांचं मत होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

अशा बाईंच्या गळ्यात मुख्याध्यापकांनी साता समुद्रापारची मैत्री बांधली. दुसऱ्या खंडातल्या एका शाळेने गोष्टींची पुस्तकं पाठवायची, आमच्या सहावीने ती वाचून तिकडच्या मुलांना पत्रं लिहायची, त्यांनी उत्तरं द्यायची, अशी योजना होती. मुख्याध्यापकांनी आलेल्या पुस्तकांच्या खोक्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि आपला वाटा उचलला. बाकीचं किरकोळ काम, म्हणजे सगळंच, बाईंकडे आलं. पाकिटांवर चित्रं काढायला मी, चित्रकलेचा मास्तर, होतो, म्हणून पुढचा तमाशा मला जवळून बघता आला.

तीस पत्रांचं इंग्रजी बाईंनी एकटीने केलं. जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन शब्दाला शब्द. एका मुलाने लिहिलं, ‘मधल्या सुट्टीपर्यंत पोटात कावळे ओरडतात.’ ते कावळे पंखांसकट समुद्रापार गेले, आणि तिकडून डॉक्टरला दाखवा म्हणून दोन पानी काळजी आली. शिक्षकांच्या खोलीत आम्ही आठवडाभर हसलो.

बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसेना. “कावळे त्यानेच लिहिलेत,” त्या म्हणाल्या. “माझ्या पदरचा एकही नाही.”

मग ते पत्र आलं. आमच्या वर्गातल्या एका बडबड्या पोरीला तिकडच्या तिच्या मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘तू येणार म्हणून मी बाकावर निम्मी जागा रिकामी ठेवली आहे. नवीन मुलीलाही बसू दिलं नाही. माझ्याशेजारी कोणी बसत नाही, म्हणून वर्गात सगळे हसतात. पण तू आलीस की थांबतील. कधी निघतेस?’

बाईंनी पोरीला बोलावलं. “तू जाणार आहेस, असं कधी लिहिलंस गं?”

“नाही हो बाई! मी नुसतं शेवटी लिहिलं, चल, येते आता.”

बाई खुर्चीत बसल्या. ‘येते’ला शब्दकोशात जो शब्द होता, तोच त्यांनी इमानदारीने लिहिला होता.

“मग मी ‘जाते’ लिहायचं होतं का?” पोरीने विचारलं.

“जाते असं म्हणतं का कोणी निघताना?” बाई खेकसल्या. “जा वर्गात. चूक तुझी नाही.”

मुख्याध्यापकांना हे सांगितल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. योजनेचा अहवाल वरच्या कार्यालयात गेला होता, कौतुकही आलं होतं. “झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. पुढच्या पत्रात हवापाण्याचं लिहा, की विषय संपला.” मीही शहाणपणा पाजळला. म्हटलं, पोरं आहेत, चार दिवसांत विसरतील, उगाच कशाला पराचा कावळा करताय? कावळ्यांच्या बाबतीत आधीच बाईंचं नाव झालंय, हेही वर जोडलं. मी एकटाच हसलो.

“ती जागा अडवून बसलीय,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्हाला विनोद सुचतोय.”

बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं पत्र लिहिलं. चार कागद फाडले. ज्यांच्या हातून कधी पान दुमडलं नाही, त्या बाईंनी. पाचव्यावर लिहिलं की आमच्याकडे निघताना ‘येते’ म्हणतात, मला ते इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, चूक माझी. मुलगी येणार नाही. तू त्या नवीन मुलीला जागा दे. मुख्याध्यापकांना न विचारता त्यांनी ते स्वतः टपालात टाकलं.

दोन महिने काही आलं नाही. बाई रोज शिपायाला विचारायच्या आणि तो रोज मान हलवायचा. मीही हळूहळू चित्रं काढणं लांबवायला लागलो, वाचनालयात बसायला निमित्त म्हणून.

उत्तर आलं ते थेट बाईंच्या नावाने. त्यांनी वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. “अर्थ बरोबर लागतोय ना, एकदा बघा.”

पाच ओळी होत्या. ‘नवीन मुलगी आता माझ्याशेजारी बसते. तिला माझं नाव अजून नीट म्हणता येत नाही. माझे बाबाही दर सुट्टीला येतो म्हणतात आणि मी दारात थांबते. येणार नाही, असं आधी कळवतात हे मला माहीत नव्हतं. असं कळवणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’

“बरोबर लागलाय,” मी म्हणालो. पण मला बाईंकडे बघवेना.