बोटांनी फिरलेला नट

गॅरेजातल्या मिस्त्रीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. छोटी चिनी मोटारसायकल स्वस्त आणि हलकी, पण थरथरून स्वतःचेच नट सैल करते. आठवड्याला पाना न फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या तो कानाखाली जाळ काढायचा.

एक दिवस त्याचा जावई तसलीच नवी गाडी मिरवत, बायकोला मागे बसवून गॅरेजात आला. ठोक्याने सवयीने मागच्या चाकाच्या नटाला हात लावला. नट नुसत्या बोटांनी फिरला.

"पाना कधी लावला होतास?"

"नव्या गाडीला कशाला लागतोय?"

"तुला मरायचं तर खुशाल मर, मागे माझी लेक बसते!" म्हणत ठोक्याने त्याच्या मुस्कटात भडकावली. जावयाने हेल्मेट हाणून सासऱ्याचा ओठ फोडला. मग मात्र ठोक्याने हातोडा उचलला आणि हेडलाइटचा चक्काचूर केला.

"बाबा, वेड लागलंय का? एकच तर नट सैल होता!" लेक किंचाळली आणि दाखवून द्यायला तिने पुढच्या चाकाचा नट चाचपला. तो निघून तिच्या तळहातावरच आला.

तिने नट मुठीत आवळला. मग नवऱ्यावर नजर रोखून तिने बापापुढे हात केला.

"बाबा, हातोडा द्या इकडे."