उत्तराऐवजी शाल

माझ्या बापाच्या खांद्यावर क्लास चालवणाऱ्या सरांनी शाल टाकली, हातात नारळ दिला आणि बाप गप्प झाला. हॉलमध्ये पालकसभेला जमलेल्या पालकांनी टाळ्या वाजवल्या.

बाप सत्काराला आला नव्हता. लातूरच्या अडतीवरची हमाली बुडवून एकच गोष्ट विचारायला आला होता. चाचणीत चांगले मार्क पडूनही पोरीला पहिल्या बॅचमधून का काढलं? तिची जागा कमी मार्कांच्या डॉक्टरपुत्राला का दिली? चांगले शिक्षक फक्त पहिल्या बॅचला यायचे. माझं डॉक्टर होणं त्या एका बाकावर अडलं होतं.

सरांनी माइक घेतला.

"भूकंपात हातांनी ढिगारा उकरून लेकरं काढणारा हा बाप. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस एका बाकासाठी भांडेल का?"

लेकरं. दोघं होतो आम्ही. मी जिवंत निघाले. धाकटा हाती लागला तेव्हा गार पडला होता. बाप त्याबद्दल घरात अवाक्षर काढत नसे. झोपेत मात्र त्याची बोटं अंथरूण उकरायची. ते मेलेलं लेकरू सरांनी माइकवर आणलं, बापाचं तोंड बंद करायला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

बापानं हात जोडले. "न्हाई सर, भांडाया न्हाई आलो."

मी उठले.

"सर, माझ्या बापाचं मन लई मोठं हाय. पण बाक माझा हाय. तो का काढला, सांगा."

सर हसले. काय धीट मुलगी आहे म्हणाले, अशाच मुली जिल्ह्याचं नाव काढतात. पुन्हा टाळ्या. आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. क्षणभर प्रश्नच विसरले. बापाचंही असंच झालं असणार, हे कळलं आणि मी घाबरले.

बापाच्या खांद्यावरची शाल काढून नारळासकट टेबलावर ठेवली.

"कौतुक नको. उत्तर द्या."

टाळ्या थांबल्या. उत्तर आलं नाही. बाकही मिळाला नाही. बाप घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढं चालला.

आजही भर वादात कुणी माझी स्तुती सुरू केली की त्या टाळ्या कानात वाजतात. त्यांच्याखाली माझा भाऊ दबलेला असतो. मी हसत नाही, हात जोडत नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारते. उत्तर मिळेपर्यंत विचारणार. आमची मेलेली माणसं आता कुणाच्याही भाषणाला देणार नाही.