मी खोलीत आलो की विकेट पडते

हा सिद्धांत दादाने मांडला आणि आमच्या घरात तो आजवर कोणी खोडून काढलेला नाही. भारताची जोडी जमलेली असावी, धावा निघत असाव्यात आणि मी दारातून आत यावं. दोन-तीन चेंडूंत कोणीतरी बाद. दादा टीव्हीवरची नजर न हलवता ओरडायचा, "भाईर जाय बे! काऊन आला तू आत?" मग मी मुकाट्याने ओसरीवर.

क्रिकेटचं माझ्याइतकं वेड आमच्या मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाला नसेल. तरी मोठ्या सामन्यांची शेवटची षटकं मी ओसरीवरूनच ऐकली. आतला गलका कसा आहे त्यावरून चौकार गेला की झेल उडाला, हे मला ओळखता यायचं. दादाच्या धाकाने बाहेर राहायचो असंही नाही. मलाही ते खरंच वाटायचं. मी इथे उभा आहे म्हणून आत कोणीतरी नाबाद आहे, ही कल्पना काही वाईट नव्हती.

नाटकातही माझी जागा तशीच, बाहेरची. वर्ध्यात आमची हौशी मंडळी होती. तालमी इथे, स्पर्धा नागपूरला. दादा नायक आणि मी प्रॉम्प्टर. लोकांना वाटतं, विंगेत वही धरून वाचायचं, त्यात काय मोठंसं! पण नट विसरून थांबलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्याच्या श्वासावरून कळावं लागतं. शब्द लवकर दिला तर नट चिडतो, उशिरा दिला तर सगळ्यांदेखत मरतो. दादाचा श्वास मला पाठ होता. मी पहिलं अक्षर सोडायचो, पुढचं अख्खं वाक्य तो उचलायचा. त्याच्या सगळ्या गाजलेल्या भूमिकांमधला मी पाहिलेला भाग म्हणजे एक कान आणि अर्धी मिशी.

एकदा गणपतीत आंजीला प्रयोग होता आणि नेमका त्याच दिवशी सामना. मी एका कानाला ट्रान्झिस्टर लावून बसलेलो. नायकाची बायको खाटेवर शेवटचे श्वास मोजतेय, दादा उशाशी बसलाय, आणि मधेच त्याने विंगेकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे स्कोअर काय? मी हळूच म्हणालो, "पाच आऊट." नेमकं तेव्हाच त्याचं वाक्य अडलेलं होतं. कानावर पडेल ते उचलायची सवय. दाटल्या गळ्याने, बायकोचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "पाच आऊट!"

 मांडवात पुढून कोणीतरी काळजीने विचारलं, "अन् आपला ओपनर?" दादाने त्याच गहिवरात मान हलवली, गेला. त्या प्रसंगाला तेवढ्या टाळ्या पुन्हा कधी पडल्या नाहीत. परत येताना गाडीत मात्र तो माझ्यावरच घसरला. "तू आयकून राह्यला होता, म्हनून पडल्या पाच."

सिनेमाला तेवढे आम्ही शेजारी शेजारी बसायचो. माझ्या येण्याने सिनेमाचा शेवट बदलत नाही, एवढं त्याने मान्य केलं होतं. त्या टॉकीजचं आता लग्नाचं सभागृह झालंय. मंडळीतले निम्मे गेले, उरलेले गुडघे धरून बसलेत. मीही आता नाटकाला जात नाही. खुर्चीत बसून समोरून नाटक बघायचं मला जमत नाही, नट थांबला की छाती धडधडते.

गेल्या वर्षी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. त्याला सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणतात. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची, तिने मला सांगितलं, "काका, पहिलं अक्षर तुम्ही द्यायचं आणि थांबायचं. पुढचं त्यांना उचलू द्या." मला हसूच आलं. हे मला शिकवतेस, बाई?

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी पिपरी मेघेला त्याच्याकडे जातो. खाटेजवळ स्टूल घेऊन बसतो. "पा," म्हणतो आणि थांबतो. पाण्याचा पेला समोर धरलेला. तो माझ्याकडे बघतो, पेल्याकडे बघतो. काही उचलत नाही. पूर्वी पाठ असलेला तो श्वास आता मला कळत नाही. विसरलाय की थांबलाय, ते ओळखता येत नाही. वहिनी केळझरच्या गणपतीला नवस बोलून आल्या. मला नवसही सुचत नाही. खरं सांगायचं तर मला त्याचा राग येतो. दिलेला शब्द घेत नाही म्हणजे काय?

"भाऊजी, आज राहू द्या. थकले ते," वहिनी म्हणतात.

"मीबी थकलो, वहिनी."

परवा अंतिम सामना होता. मी सकाळपासून मनाशी एक बेत ठरवला होता, वहिनींनाही सांगितला नाही. जोडी ऐन रंगात आली की आपण आत जायचं. विकेट पडेल. दादा भडकेल. इतकी वर्षं जे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप सुटत आलं, ते वाक्य तरी त्या रागात सुटेल. सगळा देश ज्या सामन्यासाठी देव पाण्यात घालून बसला होता, तो मी दादाच्या एका ओरडण्यासाठी पणाला लावला. मला त्याची जरासुद्धा लाज वाटली नाही.

दादाच्या घरी ओसरीवर उभा राहून ऐकत होतो. जोडी जमली. शंभराची भागीदारी झाली. मी चपला काढल्या आणि थेट आत जाऊन टीव्हीच्या शेजारीच उभा राहिलो, त्याला नीट दिसेन असा. दुसऱ्याच चेंडूवर दांडी गुल.

दादाने पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तोंड किंचित उघडलं. तो श्वास मला कळला, शपथेवर सांगतो, कळला. मी पहिलं अक्षर दिलं, "भा..." आणि थांबलो.

त्याने तोंड मिटलं. डाव्या हाताने चादर चाचपडत तो भिंतीकडे सरकला, कितीतरी वेळ सरकत राहिला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्याने थाप मारली.

वहिनी म्हणाल्या, "बसा म्हणताहेत."

मी बसलो. त्या खोलीत सामना चालू असताना खाटेवर दादाच्या शेजारी मी पहिल्यांदा बसलो आणि मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. पुढच्या षटकात आणखी एक विकेट पडली. जुन्या सवयीने मी उठायला लागलो, तर त्याने माझं मनगट धरलं. त्याच्या त्या हातात अजून बरीच ताकद आहे. मग एकेक फलंदाज परत येत राहिला आणि दादा टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.