यंत्राचीही परीक्षा

बहिणीला भेटायला दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून नर्सिंगची एक विद्यार्थिनी उभी होती. आकडा ब्याऐंशी आला आणि आजींचा चेहरा उतरला. त्या विद्यार्थिनीने त्यांचा श्वास नीट पाहिला, मग यंत्र काढून स्वतःच्या बोटाला लावलं. तिथे अठ्ठ्याण्णव दिसले. तशी ती आजींचा गार पडलेला हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसली.

मला आमच्या नर्सिंगच्या बाई आठवल्या. पहिल्या वर्षी त्या आम्हा सगळ्यांचे थर्मामीटर कोमट पाण्याच्या एकाच भांड्यात ठेवायच्या आणि वेगळाच आकडा दाखवणारा बाजूला काढायच्या. "याच्या भरवशावर कुणाच्या तरी लेकराला औषध द्यायचंय, पोरींनो," म्हणायच्या. तेव्हा तो जाच वाटायचा. पुढे नोकरीत कितीतरी यंत्रं आली, बदलली. प्रत्येक वेळी मला बाईंची आठवण व्हायची. मोजणाऱ्यालाही कुणीतरी मोजावं लागतं.

मुलीने यंत्र पुन्हा लावलं. आता शहाण्णव आले.

"मग मघाशी ते खोटं बोललं का गं?" आजींनी विचारलं.

"खोटं नाही, आजी. बोटं गार होती, त्याला नीट कळलं नाही," मुलगी म्हणाली. आकडा चांगला आला होता, तरी तिने त्यांचा हात सोडला नाही.